शेजारधर्म आणि चर्च

‘शेजारधर्म’ हा मराठींतील एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. दान, दया, परोपकार ह्या शब्दांत देणारा उंचावर आणि घेणारा पायथ्याशीं असल्याचा भास होतो. शेजारधर्मांत मात्र दोघांचे उंबरठे एकाच पातळीवर असतात. शेजारीं आजारपण आलें कीं आपल्या चुलीवरची पेज तिकडे जाते, आणि आपल्यावर प्रसंग ओढवला कीं तिकडचीं माणसें धांवून येतात. ह्या देवघेवीची कीर्दखतावणी कोणी ठेवीत नाहीं. परंतु लहान गांवांतून उठून माणसें अफाट शहरांत आलीं, भिंतीपलीकडे कोण राहतो हेंहि ठाऊक नाहींसें झालें, म्हणजे हा धर्म आपोआप पाळला जात नाहीं. त्यासाठीं कोणाला तरी जाणूनबुजून पुढाकार घ्यावा लागतो.

असा पुढाकार धर्मसंस्थेनें घ्यावयाचा झाल्यास तो कसा घ्यावा? वस्तींतील एखाद्या चर्चनें आपल्या दाराबाहेरच्या गरजू माणसांना उपयोगी पडावयाचें तें कोणत्या रीतीनें? ह्या बाबतींत लंडन शहराच्या गांठीं फार जुना आणि खडतर अनुभव आहे. त्यांत यश आहे, तशा ठेंचाहि आहेत. आणि त्या अनुभवाचा एक धागा थेट मुंबईच्या नागपाड्यापर्यंत येऊन पोंचलेला आहे.

प्रथम इंग्लंडच्या चर्चची घडण थोडी समजून घेतली पाहिजे. सारा देश ‘पॅरिश’ नांवाच्या लहान लहान विभागांत वांटलेला आहे, आणि प्रत्येक विभागाचा धर्मोपदेशक हा केवळ रविवारीं प्रार्थनेस येणाऱ्यांचा नव्हे, तर त्या हद्दींत राहणाऱ्या प्रत्येकाचा मानला जातो. म्हणजे शेजारी कोण हें श्रद्धेवरून ठरत नाहीं, राहत्या जागेवरून ठरतें. इ. स. १६०१ च्या कायद्यानें गरिबांच्या पोषणाचा भारहि ह्याच विभागांवर टाकला होता. तेथील मालमत्तेवर कर बसवून निराधारांना मदत देण्यांत येई. पुढें कारखाने निघाले, वस्ती फुगली, आणि १८३४ च्या नव्या कायद्यानें अनेक विभाग एकत्र जोडून श्रमगृहांची पद्धति सर्वत्र रूढ केली. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्यानें ह्या गृहांत यावें, आणि तेथील जिणें बाहेरच्या अगदीं हलक्या मजुराच्या जिण्याहूनहि कष्टाचें असावें, असें त्या कायद्यामागचें धोरण होतें. गरिबाला मदत मिळे ती मानहानीची किंमत मोजून. ज्यांना ती किंमत देववत नसे ते चर्चच्या दारीं येत, आणि दारावर नाणें देऊन त्यांची बोळवण होई.

१८७३ सालीं रेव्हरंड सॅम्युएल बार्नेट हे आपली पत्नी हेन्रिएटा हिच्यासह पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल भागांत सेंट ज्यूड चर्चचे धर्मोपदेशक म्हणून आले. आपल्या साऱ्या अधिकारक्षेत्रांतील हा सर्वांत वाईट विभाग होय, असें लंडनच्या बिशपांनींच त्यांना सांगितलें होतें. गोदीवरचें रोजंदारीचें काम आज मिळे, उद्यां मिळत नसे. एकेका खोलींत अख्खें कुटुंब राही. बार्नेट ह्यांनीं आल्यावर जो निर्णय घेतला तो ऐकणाराला निष्ठुर वाटेल. त्यांनीं दारावर पैसे देण्याची रीत बंद केली. नाण्यानें आजची हांक गप्प होते, पण घर होतें तसेंच राहतें; शिवाय ज्याला खोटें चांगलें बोलतां येतें त्याला अधिक मिळतें आणि जो अब्रूला जपतो तो उपाशी राहतो, असा त्यांचा कोटिक्रम होता. वस्तींतील लोकांना ही गोष्ट मुळींच मानवली नाहीं. संतापलेले लोक धर्मोपदेशकाच्या दाराशीं जमत, दगडहि पडत.

बार्नेट दांपत्य तेथेंच राहिलें, आणि राहिल्यामुळेंच त्यांचें स्वतःचें मत हळूहळू बदललें. चौकशी करून मदत द्यावी हें खरें. पण चौकशीअंतीं जें दिसे तें बहुधा आळस किंवा व्यसन नसून तुटपुंजी मजुरी, अनिश्चित काम आणि कोंदट घर हेंच असे. मग केवळ चौकशी करून काय साधणार? ह्या प्रश्नानें त्यांच्या कामाला दोन वाटा फुटल्या. एक वाट अगदीं जवळची. वस्तींतील मुलांनीं शेत आणि कुरण कधीं पाहिलेलें नसे, म्हणून १८७७ पासून त्यांना सुटींत खेड्यांतील कुटुंबांकडे राहावयास पाठविण्याची योजना सुरू झाली. १८८१ पासून चर्चच्या शाळेंत उत्तम चित्रांचें प्रदर्शन भरूं लागलें. गरिबाला भाकरी हवी तसें सौंदर्यहि हवें, अशी त्यामागची दृष्टि होती. त्यांतूनच पुढें १९०१ सालीं व्हाइटचॅपलचें कलादालन उभें राहिलें. दुसरी वाट लांबची. म्हातारपणीं माणसाला भीक मागावी लागूं नये म्हणून सरकारनेंच वृद्धांना पेन्शन द्यावें, असा आग्रह बार्नेट धरूं लागले. तसा कायदा इंग्लंडांत १९०८ सालीं झाला. दारावरचें नाणें बंद करणारा हाच धर्मोपदेशक न्याय्य हक्काच्या नाण्यासाठीं झगडला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

ह्या दोन वाटा जेथें मिळाल्या तें स्थान म्हणजे टॉयनबी हॉल. १८८४ सालीं सेंट ज्यूड चर्चला लागूनच हें घर उघडण्यांत आलें. ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या शिकलेल्या तरुणांनीं येथें येऊन गरिबांच्या शेजारीं बिऱ्हाड करावें, संध्याकाळीं वर्ग चालवावे, भाडेकरूंना कायद्याचा सल्ला द्यावा, अशी कल्पना होती. येणाऱ्यांनीं शिकवावें त्याहून अधिक शिकावें, हा तिचा गाभा. विल्यम बेव्हरिज १९०३ पासून कांहीं काळ येथें होते. क्लेमंट ॲटली १९०९ च्या सुमारास येथें चिटणीस होते. सामाजिक विम्याची रूपरेषा मांडणारा १९४२ चा प्रसिद्ध अहवाल ह्याच बेव्हरिजांचा, आणि १९४८ सालीं सर्वांना विनामूल्य वैद्यकीय मदत देणारी राष्ट्रीय योजना अंमलांत आणणारें मंत्रिमंडळ ह्याच ॲटलींचें. गरिबीची ओळख त्यांना पुस्तकांतून झाली नव्हती, तर शेजाराच्या नात्यानें झाली होती.

टॉयनबी हॉलचें काम विद्वानांचें, म्हणून कोणाला तें आपल्या आवांक्याबाहेरचें वाटेल. पण चर्चजवळ विद्वान नसले तरी एक छप्पर तर असतेंच. आणि त्या छपराचें काय होऊं शकतें तें लंडनच्या ट्रफाल्गर चौकांतील सेंट मार्टिन चर्चनें दाखवून दिलें आहे. ही जेम्स गिब्ज ह्यांनीं बांधलेली अठराव्या शतकांतील भव्य वास्तु. १९१४ सालीं तेथें डिक शेपर्ड हे धर्मोपदेशक आले. पहिलें महायुद्ध नुकतेंच पेटलें होतें, आणि चेअरिंग क्रॉसचें स्टेशन तेथून हांकेच्या अंतरावर. फ्रान्सच्या रणभूमीवरून येणारे थकलेभागले शिपाई रात्रीं बेरात्रीं त्या परिसरांत भटकत. शेपर्ड ह्यांनीं चर्चचीं दारें त्यांच्यासाठीं उघडीं ठेवलीं आणि चर्चखालचें तळघर त्यांच्या विसाव्याला दिलें. युद्ध संपलें, पण दारें पुन्हां बंद झालीं नाहींत. शिपायांच्या जागीं बेघर माणसें येऊं लागलीं. दुसऱ्या महायुद्धांत ह्याच तळघरानें विमानहल्ल्यापासून आसरा दिला.

रेडिओच्या श्रोत्यांना सेंट मार्टिनचें आणखी एका कारणानें अगत्य वाटावें. ६ जानेवारी १९२४ रोजीं बी. बी. सी. नें चर्चमधील उपासना प्रथमच ध्वनिक्षेपित केली ती येथूनच. घरीं अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ती ऐकतां आली. आणि लवकरच शेपर्ड ह्यांना उमगलें कीं, जें यंत्र उपासना घरोघर पोंचवितें तें गरजूंची हांकहि पोंचवूं शकेल. १९२७ पासून दर नाताळांत सेंट मार्टिनकरितां रेडिओवरून मदतीचें आवाहन होत आलें आहे. त्या निधीचा विनियोगहि पाहण्याजोगा आहे. एखाद्या कुटुंबाचें भाडें थकलें, नव्या खोलीची अनामत भरावयाला पैसे नाहींत, किंवा घर मिळालें पण निजावयाला खाट नाहीं, अशा वेळीं त्या माणसाला प्रत्यक्ष ओळखणारा सेवक अर्ज करतो आणि थोड्याच दिवसांत लहानशी रक्कम मिळते. माणूस रस्त्यावर आल्यानंतर त्याला उचलण्यापेक्षां तो रस्त्यावर येऊं न देणें सोपें व स्वस्त, हा त्यांतील व्यवहार. १९८७ पासून त्याच तळघरांत उपाहारगृह चालतें, आणि त्याचें उत्पन्न चर्चच्या कामाला लावलें जातें.

छप्पर आणि पैसा ह्यांखेरीज चर्चजवळ तिसरी एक वस्तु असते. ती म्हणजे ऐकून घेणारे कान. १९३५ सालीं चॅड वारा नांवाच्या एका तरुण धर्मोपदेशकाला लिंकन गांवीं चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधि करावा लागला. वयांत येतांना शरीरांत होणाऱ्या स्वाभाविक फरकाला ती भयंकर रोग समजली होती. विचारावयाला कोणी नव्हतें, म्हणून तिनें जीव दिला. ही गोष्ट वारा विसरले नाहींत. १९५३ सालीं ते लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्यें आले, तेव्हां त्यांनीं निराश माणसांसाठीं एक टेलिफोन ठेवला, आणि २ नोव्हेंबर रोजीं त्यावर पहिली हांक आली. थोड्याच दिवसांत एक विलक्षण अनुभव आला. भेटीला आलेली माणसें बाहेरच्या खोलींत ताटकळत, आणि साधे स्वयंसेवक त्यांना चहा देऊन त्यांच्याशीं बोलत बसत. पुष्कळांना तेवढ्यानेंच इतका धीर येई कीं, आंत जाण्याची गरजच उरत नसे. वारा ह्यांनीं ह्यांतून योग्य तो बोध घेतला आणि १९५४ सालीं ऐकण्याचें काम स्वयंसेवकांच्या स्वाधीन केलें. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी वाढली. बोलणाऱ्याला धर्मोपदेश करावयाचा नाहीं, असा तिचा नियम आहे.

हा नियम फार महत्त्वाचा आहे, कारण चर्चच्या साहाय्याविषयीं सर्वांत मोठी शंका येथेंच असते. भाकरीबरोबर धर्महि गळीं उतरविला जाईल काय? आपल्या देशांत ही शंका निराधार म्हणतां येत नाहीं. म्हणूनच ज्यांनीं ती कृतीनें दूर केली त्यांचीं उदाहरणें मोलाचीं ठरतात. त्यांतील एक महात्मा गांधींशीं निगडित आहे. म्यूरिएल व डोरिस लेस्टर ह्या भगिनींनीं १९१५ सालीं पूर्व लंडनच्या बो भागांत ‘किंग्सली हॉल’ नांवाचें एक घर शेजाऱ्यांसाठीं उघडलें. तेथें उपासना होई, पण घर सर्वांचें असे. १९३१ सालीं दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठीं गांधीजी लंडनला गेले, तेव्हां हॉटेलें सोडून त्यांनीं ह्याच घरांत सुमारें बारा आठवडे मुक्काम केला. पहांटे ते आसपासच्या गल्ल्यांतून फिरत, आणि मजुरांचीं मुलें त्यांच्याभोंवतीं गोळा होत. ज्या घरांत वैष्णव पाहुण्याला आपली प्रार्थना आपल्या रीतीनें करतां येत होती, त्या घराच्या शेजारधर्माला आणखी दाखल्याची गरज नाहीं.

दुसरें उदाहरण मुंबईचें. टॉयनबी हॉल पाहून जेन ॲडम्स ह्या अमेरिकन स्त्रीनें १८८९ सालीं शिकागोला तशाच धर्तीचें ‘हल हाउस’ काढलें, आणि अमेरिकेंत त्या कल्पनेचा प्रसार झाला. १९२५ सालीं डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनच्या वतीनें मुंबईस आले. हें मिशन १८१३ पासून मुंबईंत काम करीत होतें. शाळा व छापखाने ही त्याची जुनी ओळख. मॅनशार्ट ह्यांनीं मात्र १९२६ सालीं नागपाड्याला ‘नेबरहुड हाउस’, म्हणजे शब्दशः शेजारघर, स्थापिलें. नागपाडा म्हणजे मुसलमान, यहुदी, हिंदु, ख्रिस्ती अशा सर्वांची दाट वस्ती. त्या घराचीं दारें सर्वांना सारखींच मोकळीं होतीं. तेथें काम करतां करतां मॅनशार्ट ह्यांच्या मनानें घेतलें कीं, नुसती कळकळ पुरत नाहीं. समाजसेवा हें शिकून करावयाचें काम आहे. ह्या विचाराला टाटांच्या विश्वस्त निधीचें पाठबळ मिळालें, आणि १९३६ सालीं समाजकार्याचें शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा ह्यांच्या नांवाची शाळा त्याच नागपाड्याच्या घरांत सुरू झाली. मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. आजची देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. एका मिशनच्या शेजारघरांतून सर्वांची विद्यासंस्था निघाली, आणि मिशननें तिच्यावर आपली मालकी सांगितली नाहीं.

वसईचें उदाहरण ह्याहून वेगळें, पण तितकेंच बोलकें आहे. तेथें १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस ह्या धर्मगुरूंनीं पुढाकार घेऊन सहकारी पतसंस्था काढली. दान न देतां कर्ज देणारी, आणि सभासदांच्याच ठेवींवर चालणारी ही संस्था आज बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून ओळखली जाते. कर्ज घेणारा परतफेड करतो, त्यामुळें त्याची मान खालीं जात नाहीं, हें अशा मदतीचें वैशिष्ट्य.

इतकें सर्व झाल्यावरहि एक अवघड प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो पुन्हां इंग्लंडांतच तीव्रतेनें उभा राहिला आहे. २००० सालीं सॉल्झबरी गांवांतील हेंडरसन पतिपत्नी बल्गेरियांतील मुलांसाठीं मदत गोळा करीत असतां, त्यांच्याच गांवच्या एका आईनें त्यांना कळविलें कीं, तिचीं स्वतःचीं मुलें रात्रीं उपाशीं निजत आहेत. दूरच्या दुःखाकडे पाहतांना उशाशीं असलेलें दुःख दिसलें नव्हतें. हेंडरसनांनीं बागेंतल्या छपरींत धान्याचा सांठा करून शिधा वांटावयास आरंभ केला. डॉक्टर, शिक्षक किंवा समाजसेवक ह्यांनीं चिठ्ठी द्यावी आणि त्या चिठ्ठीवर तीन दिवसांचा शिधा मिळावा, अशी पद्धति ठरली. २००४ पासून गांवोगांवच्या चर्चांनीं ती उचलली, आणि ‘ट्रसेल’ संस्थेचे हे अन्नसांठे देशभर पसरले. २०१०-११ सालीं सुमारें ६१ हजार माणसांना असा शिधा मिळाला होता. २०२३-२४ सालीं वांटलेल्या शिध्यांची संख्या ३१ लाखांहून अधिक झाली.

हे आंकडे अभिमानाचे म्हणावे कीं लाजेचे? शेजाऱ्याचें मूल उपाशी असतांना चर्चनें कारणमीमांसा करीत बसावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु जें संकटकाळचें होतें तें नित्याचें होऊन बसलें, म्हणजे दुसरा धोका संभवतो. चर्च देतच आहे, मग आपण कशाला, असें सरकारला आणि मजुरी देणाऱ्या मालकाला वाटूं लागतें. शिवाय चिठ्ठी घेऊन रांगेंत उभ्या राहिलेल्या बापाची मान जी खालीं जाते ती शिध्यानें वर येत नाहीं. म्हणूनच ट्रसेल संस्था उघडपणें सांगते कीं, आपली गरजच उरूं नये हें तिचें ध्येय आहे. शिध्याबरोबर कर्जाविषयीं व हक्काच्या मदतीविषयीं सल्ला देण्याची सोयहि म्हणूनच ठिकठिकाणीं करण्यांत आली आहे. बार्नेट ह्यांच्या दारीं जो प्रश्न आला होता तोच हा, नव्या वेषांत.

ह्या साऱ्या इतिहासांतून वस्तींतील लहानशा चर्चनें, आणि चर्चनेंच कशाला, कोणत्याहि देवळानें किंवा मशिदीनें, घ्यावयाचा धडा कांहीं फार गूढ नाहीं. प्रथम हद्द पायांखालीं घालावी. कोणत्या घरीं एकटी म्हातारी आहे, कोणाचें काम सुटलें आहे, कोणत्या मुलाला अभ्यासाला दिवा नाहीं, हें वर्गणीच्या यादीवरून नव्हे तर ओळखीनें जाणावें. मग जें हाताशीं आहे त्यापासून आरंभ करावा. आठवड्याचे सहा दिवस रिकामा पडणारा दिवाणखाना, एक स्वयंपाकघर, एक टेलिफोन, किंवा अर्ज लिहून देणारा एखादा निवृत्त कारकून, एवढेंहि पुष्कळ असतें. ज्याला मदत द्यावयाची त्याच्याकडून श्रद्धेचें मोल मागूं नये, आणि त्याला केवळ घेणारा म्हणून ठेवूंहि नये. आज शिधा नेणारी बाई उद्यां शिधा बांधावयाला बसली, तर तिचें निम्में दैन्य तेथेंच सरतें. आणि जें दुःख एका घराचें नसून वस्तीचें आहे, जसें पाणी, भाडें किंवा मजुरी, तें तेथेंच झांकून न ठेवतां ज्यांच्या हातीं उपाय आहे त्यांच्या कानीं घालावें. तेवढ्यानें न भागल्यास पुन्हां पुन्हां घालावें.

सेंट ज्यूड चर्चची वास्तु आज उभी नाहीं. परंतु तिच्या शेजारीं निघालेल्या घराची वंशावळ शिकागोला आणि मुंबईला वाढली. धर्मसंस्थेचें मोठेपण तिच्या शिखराच्या उंचीवर मोजण्याचा प्रघात आहे. शेजारच्या गल्लींतील माणूस अडचणींत सांपडला असतां त्याला तिचें दार ठोठावतांना संकोच वाटत नाहीं, हें मात्र अधिक खरें माप होय.